बर्मिंगहॅमच्या कालव्याचे जुने वळसे: पायी आणि होडीतून कसे बघावेत

कालवा म्हटलं की आपल्याला खडकवासल्याहून शिवाराकडे वाहत जाणारं पाणी आठवतं. बर्मिंगहॅमचा कालवा शेतीसाठी नाही आणि तो वाहतही नाही. कोळशाच्या होड्या घोड्यांनी ओढत न्याव्यात म्हणून अठराव्या शतकात खणलेला तो पाण्याचा रस्ता आहे. इथली वेडीवाकडी वळणं, सात फुटी अरुंद दारं, पाण्याला लागून असलेल्या कारखान्यांच्या भिंती, सगळं दोन अडचणींतून निघालं: पाणी एका पातळीत राहिलं पाहिजे आणि ते वाया जाता कामा नये. हे लक्षात ठेवून निघालं की गाइडची फारशी गरज पडत नाही.

शहराच्या मध्यापासून वायव्येकडे जाणाऱ्या मुख्य कालव्याला तीन जुने वळसे आहेत. क्रमाने ऊझल्स स्ट्रीट, इकनील्ड पोर्ट आणि सोहो. बहुतेक पर्यटक गॅस स्ट्रीट बेसिनवर (बेसिन म्हणजे होड्या उभ्या करायची पाण्याची रुंद जागा) फोटो काढतात, ब्रिंडलीप्लेसला कॉफी पितात आणि परत जातात. खरा ऐवज तिथून पुढे आहे.

वळसे आले कुठून

कालव्याचा कायदा १७६८चा. अभियंता जेम्स ब्रिंडली. ६ नोव्हेंबर १७६९ला वेन्सबरीच्या खाणींपासून बर्मिंगहॅमपर्यंतचा भाग खुला झाला, आणि १७७२मध्ये कालवा वुल्व्हरहॅम्प्टनच्या पुढे जाऊन दुसऱ्या कालव्याला मिळाला. ब्रिंडलीची पद्धत काटकसरीची होती. टेकडी आली तर वळसा घाल, दरी आली तर वळसा घाल, पण उंची सोडू नकोस. बर्मिंगहॅमची पातळी समुद्रसपाटीपासून ४५३ फूट, म्हणजे साधारण १३८ मीटर. ती धरून कालवा जमिनीच्या चढ-उतारांबरोबर फिरत गेला. खोदाई कमी झाली, लॉक कमी लागले, आणि अंतर वाढलं. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. त्यात पाणी भरून किंवा सोडून होडी एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेतात, आणि प्रत्येक वेळी हौदभर पाणी खालच्या अंगाला निघून जातं.

पन्नासेक वर्षांत या वळणांनी वाहतूक तुंबली. १८२४मध्ये थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने पाहणी केली, तेव्हा त्याला हा कालवा वाकड्या गटारापेक्षा फारसा बरा वाटला नाही. घोड्यांची वाट इतकी वाईट की घोडे घसरून पाण्यात पडत. त्याने सरळ, ४० फूट रुंद आणि दोन्ही काठांना वाट असलेली नवी मुख्य मार्गिका आखली. काम १८३८पर्यंत चाललं, आणि वुल्व्हरहॅम्प्टनपर्यंतचं साडेबावीस मैलांच्या आसपासचं अंतर पंधरा मैलांवर आलं.

नवी रेघ जुन्या वळणांना छेदून गेली, पण वळणं बुजवली नाहीत. तोपर्यंत त्यांच्या काठावर धक्के, गोदामं आणि कारखाने उभे होते. त्यांचा माल पाण्यावरूनच येत-जात होता. वळसा बुजवला असता तर त्या सगळ्यांची दारंच बंद झाली असती. म्हणून जुना रस्ता गल्ली म्हणून राहिला आणि नवा हमरस्ता झाला. आजही हाच फरक डोळ्यांनी ओळखता येतो: रुंद आणि सरळ पाणी टेलफर्डचं, अरुंद आणि वाकडं ब्रिंडलीचं.

निघण्याआधी

सगळ्यात उपयोगी साधन म्हणजे जुना नकाशा, आणि तो फुकट मिळतो. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा-खात्याचे जुने नकाशे आहेत आणि ते आजच्या उपग्रह-चित्रावर चढवून बघता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा पंचवीस इंची, म्हणजे एका मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाचा नकाशा निवडा. वळशांच्या कडेने कंगव्याच्या दातांसारखे छोटे फाटे दिसतील. तो प्रत्येक फाटा म्हणजे एखाद्या कारखान्याच्या आवारात शिरणारं पाणी. या परिसरात असे फाटे आणि खाजगी बेसिनं शेकड्यांनी होती. आता त्यातली बहुतेक बुजली आहेत, पण त्यांच्या खुणा काठावर आहेत आणि नकाशा हाताशी असेल तरच त्या दिसतात. जिथून जाणार त्या भागाचे स्क्रीनशॉट घरीच काढून ठेवा. पुलांखाली आणि खोलगट भागात नेटवर्क दगा देतं.

वेळेचा हिशेब असा. गॅस स्ट्रीटपासून सोहो वळसा पूर्ण करून मुख्य मार्गिकेने परत यायला थांबत-बघत साडेतीन तास धरा. तलावाची फेरी घेतली तर अजून तासभर. हिवाळ्यात हे गणित बिघडतं, कारण डिसेंबरच्या अखेरीला इथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी दहाच्या आत निघावं. सकाळी निघण्याचा आणखी एक फायदा: मार्ग वायव्येला जातो, त्यामुळे ऊन पाठीवर येतं आणि समोरच्या विटांच्या भिंती उजळतात. दुपारनंतर तेच ऊन डोळ्यांवर आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर.

पायांत पकड असलेले बूट हवेत, चप्पल-सँडल नको. वाटेवर मुख्यतः डांबर किंवा बारीक खडी आहे, पण चढणींवर स्टॅफर्डशरची निळी वीट आहे. ती फार उच्च तापमानाला, कमी हवेत भाजलेली, पाणी जवळजवळ न शोषणारी वीट. म्हणूनच दीडशे-दोनशे वर्षं टिकली, आणि म्हणूनच पाऊस पडल्यावर काचेइतकी निसरडी होते. चढणीवर आडव्या उंचावलेल्या विटांच्या ओळी दिसतील. त्या घोड्याच्या नालांना अडकायला केलेल्या. माणसानेही पाय त्यांच्यावरच टेकवावा.

पोचायला सोपं आहे. न्यू स्ट्रीट स्थानकावरून गॅस स्ट्रीट पायी दहा-बारा मिनिटं. ट्रामने आलात तर ब्रिंडलीप्लेस थांब्यावर उतरा, बेसिन तिथून जवळच खाली आहे. स्वच्छतागृह आणि खाणं ब्रिंडलीप्लेसलाच उरकून घ्या. पुढे वळशांवर दुकान दिसत नाही.

गॅस स्ट्रीट ते ओल्ड टर्न

गॅस स्ट्रीट बेसिनमध्ये पाण्याच्या मधोमध एक लांब, अरुंद बांध आहे. रंगीत होड्या बघण्याच्या नादात त्याच्याकडे दुर्लक्ष होतं, पण बेसिनची सगळी गंमत त्यातच आहे. त्याचं नाव वूस्टर बार, रुंदी सुमारे सात फूट. १७९१च्या कायद्याने मंजूर झालेला वूस्टरचा कालवा इथे येऊन थडकला, तेव्हा आधीच्या बर्मिंगहॅम कंपनीने त्याला आपल्या पाण्याशी जोडू दिलं नाही. आपलं पाणी त्यांच्याकडे निघून जाईल ही भीती. परिणामी होड्या बांधाच्या दोन्ही अंगांना उभ्या करायच्या आणि सगळा माल माणसांनी हातांनी इकडून तिकडे उचलायचा, असं वीसेक वर्षं चाललं. १८१५मध्ये बांधात एक लॉक फोडून वाट काढली. ती फट अजून आहे. तिच्यावरच्या छोट्या पुलावर उभं राहून दोन्ही बाजूंचं पाणी बघा: आता पातळी सारखी आहे आणि दारं उरलेली नाहीत.

बेसिनभोवतीची बरीच जुनी गोदामं १९७०च्या दशकात पाडली गेली. उरलेली घरं किती खाली आहेत ते मुद्दाम बघावं. ती पाण्याच्या पातळीला आहेत आणि रस्ता त्यांच्या डोक्यावरून जातो.

इथून ब्रॉड स्ट्रीटखालच्या छोट्या बोगद्यातून पाच-सात मिनिटांत ओल्ड टर्न जंक्शन येतं. पाण्यात मधोमध एक गोल बेट आहे आणि होड्या त्याला फेरी घालून वळतात, म्हणून लोक त्याला कालव्यावरचा वाहतूक-चौक समजतात. बेटाचं कारण वेगळं आहे. कालव्याच्या खालून रेल्वेचा बोगदा जातो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तळ फुटला असता तर सगळं पाणी बोगद्यात गेलं असतं. पाणी झटपट अडवता यावं म्हणून दारं बसवण्याची जागा अरुंद करायला हे बेट घातलं.

इथे थांबून एक निर्णय घ्यायचा. उजवीकडे फार्मर्स ब्रिजचे तेरा लॉक खाली उतरत जातात. ते वेगळ्या दिवसासाठी ठेवा, मात्र वरच्या तोंडाशी केंब्रियन व्हार्फजवळची किंग्स्टन रोची अठराव्या शतकातली घरं पाच मिनिटांत बघून परत या. वळशांसाठी मुख्य मार्गिकेवर डावीकडे वळायचं. इथून पुढे वाट दोन्ही काठांना आहे. जाताना डावा काठ धरा, कारण पहिले दोन वळसे डावीकडेच फुटतात आणि त्यांच्या तोंडावरचे लोखंडी पूल पायाखाली येतात. काठ बदलण्याची सोय प्रत्येक पुलावर नाही. जिना किंवा चढण असलेला पूल दिसला की लक्षात ठेवत जा, तिसऱ्या वळशासाठी उजव्या काठावर जावं लागणार आहे.

ऊझल्स स्ट्रीट आणि राउंडहाउस

पहिला वळसा सगळ्यात लहान आणि सगळ्यात बदललेला. त्याच्या काठावर आता फ्लॅट आहेत आणि शेरबोर्न व्हार्फला होड्यांची वस्ती आहे. ही लोकांची घरं आहेत. तरंगत्या लाकडी धक्क्यांवर फाटक उघडं दिसलं तरी शिरू नका. वळशाजवळची १८७७ची ऊझल्स स्ट्रीट शाळा, म्हणजे आजची आयकॉन गॅलरी, पाण्यापासून जरा आत आहे. लाल विटा आणि टोकदार कमानी, मार्टिन अँड चेंबरलेन यांची रचना.

शीपकोट स्ट्रीटच्या पुलाशी असलेल्या राउंडहाउसला मात्र चांगला अर्धा तास द्या. नाव गोल घराचं असलं तरी आकार घोड्याच्या नालेचा आहे. महापालिकेने १८७४च्या सुमारास तबेले आणि कोठार म्हणून बांधलं, वास्तुकार विल्यम हेन्री वॉर्ड. तेव्हा शहराची रोजची कामं घोडे ओढत असत, आणि कालवा, रेल्वे व रस्ता तिघेही इथे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. आत शिरल्यावर अंगणाचा उतार, फरशी आणि ती वक्र भिंत बघा. २०२१पासून ही वास्तू पुन्हा लोकांसाठी खुली झाली. इथून पायी, सायकलने आणि कयाकमधून मार्गदर्शित फेऱ्या निघतात. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, आधी बघून जा.

इकनील्ड पोर्ट: पाणी येतं तिथे

मुख्य मार्गिकेवरून पुढे जाताना डाव्या हाताला ओतीव लोखंडाचा एक कमानदार छोटा पूल लागतो. कठड्याला फुल्यांची जाळी. त्याच्या खालून पाणी डावीकडे जातं. हेच वळशाचं तोंड, आणि नेमका इथेच घोटाळा होतो: पुलाचा चढ इतका मऊ आहे की आपण पूल ओलांडला हे लक्षातच येत नाही आणि वळसा मागे राहतो. पायाखालची वाट उचलली गेली की थांबायचं आणि डावीकडे बघायचं, एवढी सवय लावा. हे पूल टिप्टनच्या हॉर्सले लोखंड कारखान्यात १८२०च्या दशकात ओतले. कठड्याच्या बाजूला कारखान्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत वाचता येतं. अक्षरांवर रंगाचे थर चढलेले असतील तर फोनचा दिवा आडवा धरा, सावलीमुळे उठून दिसतात.

या वळशाच्या काठाने सलग चालता येईल असं धरून चालू नका. काही भाग नव्या पोर्ट लूप वसाहतीत मोकळा झाला आहे, काही कामाच्या आवारांना लागून आहे. बंद फाटक लागलं तर मागे फिरून रस्त्याने पुढच्या पुलावर जायचं. जुने कारखाने पाडून, काही राखून, वळशाने वेढलेल्या या बेटावर घरं उभी राहत आहेत. एका बाजूला शंभर वर्षांची काजळलेली भिंत आणि समोर कालपरवाची घरं, अशी विजोड जोडी आहे. आम्हाला ती पूर्ण जमलेली वाटत नाही, पण पाणी बुजवण्यापेक्षा कितीतरी बरी.

वळशाच्या दक्षिण टोकाला कालव्याच्या देखभालीचं जुनं आवार आहे आणि त्याच्या मागे एक उंच हिरवी भिंत दिसते. ते तलावाचं धरण. टेलफर्डने १८२०च्या दशकात बांधलेला एजबास्टन तलाव, जुनं नाव रॉटन पार्क, सुमारे ७० एकरांचा. लॉकमधून खाली गेलेलं पाणी भरून काढायला हा साठा. तलावाचं पाणी या वळशातच उतरतं, म्हणजे वळसा टिकण्याचं हे आणखी एक कारण. आवारात जाता येत नाही. रिझर्व्हॉयर रोडने वर चढा, धरणाच्या माथ्यावरून वळसा, आवार आणि शहर एका नजरेत येतं. पातळीचा सगळा खेळ कळायला याहून चांगली जागा नाही. तलावाभोवतीची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, सपाट आणि सोपी.

सोहो: लांबचा आणि शांत

रॉटन पार्क जंक्शनला इकनील्ड वळसा डावीकडून परत येऊन मिळतो आणि जवळपास समोरूनच सोहो वळसा उजवीकडे निघतो. इथे उभं राहिलं की टेलफर्डची सरळ रेघ ब्रिंडलीच्या नागमोडीला कशी कापून गेली ते पायाशी दिसतं. उजवा काठ धरून वळशात शिरा. अर्ध्या-पाऊण तासाची चाल आहे.

वळशाचं नाव मॅथ्यू बोल्टनच्या सोहो कारखान्यावरून. बोल्टन कालव्याच्या पुरस्कर्त्यांपैकी एक, पुढे जेम्स वॉटचा भागीदार. कारखाना केव्हाच पाडला गेला. त्याच्या दिशेने गेलेल्या फाट्यावर पुढे रेल्वे आणि कालवा यांच्यात माल बदलण्याचा तळ झाला, तो आजचा हॉक्ली पोर्ट. आता तिथे राहत्या होड्या आहेत. बाहेरून बघा आणि पुढे चला. बोल्टनचं घर, सोहो हाउस, संग्रहालय म्हणून हँड्सवर्थमध्ये आहे, पण ते कालव्याच्या काठावर नाही. त्यासाठी वेगळा वेळ काढा.

पुढे उंच भिंती सुरू होतात. १८४९चा विन्सन ग्रीन तुरुंग आणि त्यालाच लागून १८५०मध्ये उघडलेलं मनोरुग्णालय, दोन्ही डी. आर. हिल या एकाच वास्तुकाराची. जवळच गरिबांसाठीचं वर्कहाउस होतं, त्याच्या जागेवर नंतर सिटी हॉस्पिटल वाढलं. शहराला जे डोळ्यांआड हवं होतं ते त्या काळी गावाबाहेरच्या या जमिनीवर आलं. तुरुंग आजही चालू आहे. भिंतीकडे कॅमेरा रोखून रेंगाळू नका आणि ड्रोन तर अजिबात नको.

विन्सन ग्रीन जंक्शनला वळसा मुख्य मार्गिकेला मिळतो. तिथून डावीकडे वळलं की सरळ रुंद पाण्याच्या कडेने शहरात परत. वाटेत पाण्याच्या मध्यभागी एक लांबट बेट लागतं, ती टोल नाक्याची जागा. दोन्ही बाजूंना होडी जाईल एवढीच फट ठेवलेली, म्हणजे कोणी न मोजता निसटू नये. नाकेदार होडी पाण्यात किती खोल बसली आहे ते पट्टीने मोजून मालाचं वजन काढत.

भिंती कशा वाचाव्यात

इमारतीचं साल शोधण्याआधी तिची पाण्याकडची बाजू बघा. पाण्याच्या अगदी कडेला, जमिनीलगत रुंद दार असेल तर माल थेट होडीतून आत जात होता. वर छपराखाली बाहेर आलेली तुळई किंवा कप्पी असेल तर माल वरच्या मजल्यावर ओढत होते. खिडक्यांना लहान चौकोनांच्या ओतीव लोखंडी चौकटी असतील तर कारखाना, आणि खिडक्या जवळजवळ नसतीलच तर गोदाम.

सपाट चाललेली वाट अचानक दहा-पंधरा पावलं कुबडासारखी वर जाऊन खाली आली, तर तिथे बुजलेला फाटा आहे. कुबडाच्या जमिनीकडच्या बाजूला वाकून बघा: विटांनी बंद केलेली कमान किंवा तिचा वरचा तुकडा हमखास सापडतो. आता जुना नकाशा उघडा आणि कोणत्या कारखान्याचा तो फाटा ते वाचा. सोहो वळशावर आणि मुख्य मार्गिकेवर हा उद्योग सगळ्यात फळतो.

जुन्या पुलांखालच्या कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या आहेत आणि त्यांत खोल खाचा पडल्या आहेत. त्या ओढदोराच्या. ओला दोर वाळूचे कण धरतो आणि कानशीसारखं घासून लोखंड कापतो. खाचा कोणत्या उंचीवर आणि कोणत्या बाजूला आहेत त्यावरून घोडा कुठून येत होता ते कळतं. खाचा नसलेला पूल एकतर नंतरचा, किंवा पट्टी बदललेली. काठावर मधूनच पाण्यात उतरणारी उतरंड दिसली तर ती पाण्यात पडलेल्या घोड्याला बाहेर काढण्यासाठी.

पुलाच्या कठड्यात छोटं, बहुधा लाल दार दिसलं तर ते अग्निशामक दलाचं. नळी टाकून कालव्याचं पाणी उपसायला.

होडीने जायचं असेल तर

तिन्ही वळसे एकाच पातळीवर आहेत, एकही लॉक लागत नाही. त्यामुळे नवशिक्यांसाठी हा भाग उत्तम. भाड्याची नॅरोबोट सुमारे सात फूट रुंद असते आणि लांबी ७० फुटांपर्यंत. अशी लांब होडी अरुंद कालव्यात कुठेही वळवता येत नाही, ठरावीक रुंद जागीच वळते. वळशांची मजा ही की एका तोंडाने शिरून दुसऱ्याने बाहेर येता येतं, वळवायचा प्रश्नच नाही. ओल्ड टर्नपासून तिन्ही वळसे करून परत यायला अडीच ते तीन तास धरा.

उजवीकडून चालवायचं, म्हणजे समोरची होडी तुमच्या डावीकडून जाईल. भारतातून आलेल्यांचा हात इथे हमखास चुकतो. कमाल वेग ताशी चार मैल, पण उभ्या होड्यांजवळून त्याहून बराच कमी. वेगाने गेलं की मागे पाणी ओढलं जातं आणि काठावर ठोकलेल्या खुंट्या उपटून येतात. वळशाच्या तोंडाशी एक लांब भोंगा द्या, लोखंडी पुलाच्या आडून येणारी होडी दिसत नाही. मध्यभागीच राहा. कडेला तळ उथळ आहे आणि शहराचा कचरा तिथेच साचतो.

सगळ्यात जास्त होणारा बिघाड म्हणजे होडी ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला प्लास्टिक किंवा कपडा गुंडाळणं. होडी थरथरते, धूर वाढतो, वेग मरतो. लगेच रिव्हर्सचा एक छोटा झटका द्या, कधी तेवढ्याने सुटतं. नाही सुटलं तर काठाला लावा, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात टाका, आणि मगच पंख्यावरचं झाकण उघडून हाताने किंवा चाकूने कापून काढा. झाकण परत नीट आवळून बसवलं की नाही ते इंजिन सुरू करण्याआधी तपासा. ढिलं राहिलं तर पंखा पाणी वर उडवतो आणि होडी बुडू शकते. जाड हातमोजे बरोबर ठेवा. पाण्याचे नळ आणि स्वच्छता केंद्रं उघडायला वॉटरमेट किल्ली लागते, ती भाड्याच्या होडीत आहे का ते ताबा घेतानाच विचारा.

स्वतःचा कयाक आणला तर परवाना लागतो. कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टकडून घेता येतो किंवा पॅडल यूकेच्या सभासदत्वात तो येतो. फुगवण्याच्या पॅडलबोर्डलाही हाच नियम. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी काही भाग बंद ठेवतात. ट्रस्टच्या संकेतस्थळावरच्या बंद मार्गांच्या सूचना आदल्या दिवशी वाचा.

पाण्याला हात लागणार असेल तर कापलेल्या-खरचटलेल्या जागी वॉटरप्रूफ पट्टी हवी. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टो मुंबईकरांना सांगायला नको, तोच इथेही आहे. खाण्याआधी साबणाने हात धुवा. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत फ्लूसारखा ताप आला तर डॉक्टरांना कालव्याच्या पाण्याबद्दल न विसरता सांगा.

अंगात जोर उरला असेल तर

विन्सन ग्रीनला शहराकडे न वळता तसंच पुढे गेलं की स्मेथिक. २०२४मध्ये उघडलेलं मिडलँड मेट्रोपॉलिटन रुग्णालय वाटेत कालव्याजवळच दिसतं. स्मेथिक जंक्शनला ब्रिंडलीची जुनी मार्गिका तीन लॉक चढून ४७३ फुटांवर जाते आणि टेलफर्डची नवी खालीच राहून टेकडी फोडून जाते. दोन्ही एकमेकींना समांतर, वीस फुटांच्या फरकाने. खालच्या वाटेवरून गेलात तर डोक्यावरून एंजिन आर्म नावाचा लोखंडी जलसेतू जातो, टोकदार कमानींचा, आणि त्यात पाणी असतं. इथल्या लॉकांतून खाली गेलेलं पाणी परत वर चढवायला १७७९मध्ये बसवलेलं बोल्टन आणि वॉटचं वाफेचं इंजिन आता बर्मिंगहॅमच्या थिंकटँक संग्रहालयात आहे. चालू शकणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजिन तेच.

पुढे खोल खिंडीवर १८२९चा गॅल्टन पूल, एकाच कमानीत १५० फूट. खिंडीच्या तळाशी सावली असते आणि वाट ओली राहते, पाऊल जपून टाका. गॅस स्ट्रीटपासून सरळ मार्गिकेने इथवर सहा किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, वळसे धरले तर त्याहून जास्त. परत चालण्याची गरज नाही. पुलाशेजारीच स्मेथिक गॅल्टन ब्रिज स्थानक आहे, दोन मजली: एका पातळीवरून न्यू स्ट्रीटला गाड्या जातात, दुसऱ्यावरून स्नो हिलला. फलाट आधी बघून मग जिना चढा.